आघात, उष्णता आणि ओलावा : कार्बन तंतूंच्या विमानाची न दिसणारी दुखापत

नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडचा विमान कारखाना १९६४ मध्ये स्थापन झाला. मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंत येथे घडलेली लढाऊ विमाने प्रामुख्याने धातूची होती. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने येथून उड्डाण केले आणि त्याच दिवशी तेजसच्या तिसऱ्या उत्पादन साखळीचे उद्घाटन झाले. तेजसच्या सांगाड्याच्या वजनात सुमारे ४५ टक्के वाटा कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थांचा आहे. पदार्थ बदलला की त्याच्या दुखापतीचे स्वरूपही बदलते. म्हणूनच आघात, उष्णता आणि ओलावा यांचा या पदार्थावर होणारा एकत्रित परिणाम समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

कार्बनचा एक तंतू साधारणतः ५ ते ७ मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका असतो. असे असंख्य तंतू एपॉक्सी नावाच्या राळेत बसवून पातळ थर तयार करतात. एकेक थर सुमारे एक अष्टमांश मिलिमीटर जाडीचा असतो. प्लायवूडप्रमाणे हे थर निरनिराळ्या दिशांनी एकावर एक रचून उष्णता व दाब यांच्या साहाय्याने एकजीव केले जातात. तंतूंच्या दिशेने येणारा ताण तंतू पेलतात. परंतु दोन थरांच्या मध्ये केवळ राळ असते. या पदार्थाची दुर्बलता नेमकी तेथे आहे.

देखभाल करताना हातातून निसटलेला पाना, धावपट्टीवरून उडालेला खडा किंवा गारांचा मारा यांपैकी काहीही आघाताचे कारण होऊ शकते. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला पोचा येतो आणि तो डोळ्यांना दिसतो. कार्बन संमिश्राचा पृष्ठभाग मात्र आघातानंतर बहुतांशी पूर्ववत होतो. वर बारीकसा ठसा राहतो. आत राळेला तडे जातात आणि थर एकमेकांपासून सुटतात. ही हानी आघाताच्या जागेपासून आतल्या बाजूस रुंदावत जाते. अशा भागाची ताण सहन करण्याची शक्ती तुलनेने कमी घटते. दाब सहन करण्याची शक्ती मात्र निम्म्यावर येऊ शकते. घट्ट बांधलेली वही उभी राहते, तिची सुटी पाने उभी केल्यास वाकतात. सुटलेल्या थरांचेही तसेच होते.

आता ओलाव्याचा विचार करू. कार्बन तंतू पाणी शोषत नाहीत, पण एपॉक्सी राळ हवेतील बाष्प हळूहळू शोषून घेते. संमिश्राच्या वजनाच्या सुमारे एक ते दीड टक्का इतकेच हे पाणी असते. किती पाणी शोषले जाईल हे मुख्यतः हवेच्या आर्द्रतेवर, तर किती वेगाने शोषले जाईल हे तापमानावर अवलंबून असते. जाडी दुप्पट झाली की लागणारा काळ चौपट होतो. त्यामुळे जाड भागांत ही क्रिया अनेक महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. परंतु आघाताने तडे गेले असतील, तर पाण्याला आत जाण्यासाठी तयार वाटाच मिळतात.

शोषलेले पाणी राळेला मऊ करते. प्रत्येक राळेचे एक विशिष्ट तापमान असते. त्याच्या वर ती ताठरपणा सोडून रबरासारखी वागू लागते. त्याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. ओलाव्यामुळे ते अनेक अंशांनी खाली येते. म्हणून ओल्या अवस्थेतील या तापमानापेक्षा निदान २८ अंश सेल्सिअस खालीच पदार्थ वापरावा, असा अभियांत्रिकी संकेत आहे.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. मऊ झालेली राळ काही वेळा आघात अधिक चांगला पचवते आणि तडे कमी पसरतात. पण दाब सहन करताना तंतूंना वाकण्यापासून रोखणारा आधार राळेचाच असतो. उष्णता व ओलावा यांमुळे तो आधार सैल झाला आणि आघाताने थर आधीच सुटलेले असले, तर तिन्ही परिणाम एकाच ठिकाणी येऊन मिळतात. दाबाखालील भागाच्या दृष्टीने हीच सर्वांत प्रतिकूल स्थिती होय.

नाशिकचे हवामान या संदर्भात बोलके आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीजवळ जातो, पावसाळ्यात हवा दमट असते आणि हिवाळ्यात निफाड परिसरात तापमान पाच अंशांच्या आसपास उतरते. उन्हात उभ्या असलेल्या विमानाचा पृष्ठभाग तर भोवतालच्या हवेपेक्षा बराच अधिक तापतो. तेच विमान ११ किलोमीटर उंचीवर गेले की बाहेरचे तापमान उणे ५६ अंशांच्या जवळ असते. तड्यांत साचलेले पाणी तेथे गोठते, सुमारे नऊ टक्क्यांनी प्रसरण पावते आणि तडे रुंदावू शकते.

हे सारे गृहीत धरूनच विमानाची रचना केली जाते. चाचणीसाठी १५० बाय १०० मिलिमीटरच्या तुकड्यावर वजन पाडून आघात करतात आणि नंतर तो दाबून तोडतात. ओलाव्याचा परिणाम पाहण्यासाठी तुकडे ७० अंश तापमान व ८५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत मुरवून ठेवण्याची पद्धत रूढ आहे. जी हानी नेहमीच्या तपासणीत सुटण्याची शक्यता आहे, ती घेऊनही विमानाने सेवेत अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट भार पेलला पाहिजे, असा नागरी विमानांच्या प्रमाणनाचा दंडक आहे.

मात्र त्यापलीकडची हानी शोधणे हे माणसांचे काम आहे. नाण्याने किंवा लहान हातोडीने ठोकल्यास निर्दोष भागातून खणखणीत, तर थर सुटलेल्या भागातून बद्द आवाज येतो. नेमकी व्याप्ती कळण्यासाठी श्राव्यातीत ध्वनिलहरींची तपासणी करावी लागते. दुरुस्तीपूर्वी तो भाग सावकाश वाळवणे आवश्यक असते. अन्यथा ठिगळ तापवून चिकटवताना आतल्या पाण्याची वाफ होते आणि सांधा पोकळ राहतो. मधमाशीच्या पोळ्यासारखा गाभा असलेल्या भागात तर त्या वाफेने वरचा पापुद्राच उचलला जाऊ शकतो.

धातूच्या विमानात पोचा स्वतःच आपली साक्ष देत असे. कार्बनच्या विमानात ती साक्ष बहुधा पाना हातून निसटलेल्या माणसालाच द्यावी लागते. त्याने त्याच वेळी केलेली नोंद ही तपासणीची पहिली पायरी असते. ती नोंद निर्भयपणे करता यावी, असे वातावरण कार्यशाळेत असणे हाही विमानाच्या सुरक्षिततेचाच भाग मानला पाहिजे.