निमविषारी: पहिला विषारी साप कुठला पाळावा?

गेल्या महिन्यात नॉर्थ कॅरोलायनाहून एका श्रोत्या ताईंचा निरोप आला. मूळच्या साताऱ्याच्या. मुलगा एकोणीस वर्षांचा, शाळेत असल्यापासून घरात बिनविषारी साप पाळतोय. आता त्याला विषारी साप हवाय. ताई लिहितात, "तो म्हणतो, सुरुवात निमविषारी सापापासून करतो, तो चावला तरी काही होत नाही. तुम्ही इतिहास सांगता, तर ह्याला काही इतिहास आहे का?"

आहे ताई. आणि तो माहितगार माणसांचाच आहे, म्हणून आज सांगतोय.

आधी शब्द बघू. नाग, घोणस यांचे विषदंत तोंडात पुढे असतात. काही सापांचे मात्र मागे, जबड्याच्या आतल्या बाजूला असतात. आपला हरणटोळ असा, मांजऱ्या असा. यांचं विष माणसाला सहसा बाधत नाही, म्हणून आपण त्यांना निमविषारी म्हणतो. लहानपणी आम्हाला भीती घालायचे, हरणटोळ झाडावरून टाळूला डसतो! पुढे पुस्तकात वाचलं की बिचारा निरुपद्रवी आहे. मग मीही धरून बसलो की मागचे दात म्हणजे भिण्यासारखं काही नाही. नेमकी हीच समजूत एकेकाळी जगभरच्या तज्ज्ञांमध्ये होती.

आता चला शिकागोला. सप्टेंबर १९५७. तिथल्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयानं फील्ड म्युझियमकडे अडीच फुटांचा एक साप ओळख पटवण्यासाठी पाठवला. तो हाती घेतला कार्ल पॅटरसन श्मिट यांनी. वय ६७, याच म्युझियमचे निवृत्त प्रमुख क्युरेटर, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अभ्यासातलं मोठं नाव. साप आफ्रिकेतल्या बूमस्लँगसारखा दिसत होता. या आफ्रिकान्स नावाचा अर्थ साधा आहे, झाडसाप. पण एक खवला नेहमीसारखा नव्हता, म्हणून शंका होती. साप जरा सैल धरला गेला आणि डाव्या अंगठ्याला चावला. एकच दात रुतला, तोही जेमतेम तीन मिलिमीटर.

साप लहान, दात एकच, आणि तोही मागचा. श्मिट लोकल गाडीनं घरी गेले आणि काय काय होतंय ते टिपत राहिले. गाडीत मळमळ. संध्याकाळी थंडी वाजून ताप. हिरड्यांतून रक्त. रात्री दुधात भिजवलेला टोस्ट खाऊन झोपले. मध्यरात्रीनंतर लघवीतून रक्त. सकाळी मात्र ताप उतरलेला. अंडी, टोस्ट, कॉफी असा व्यवस्थित नाश्ता केला, म्युझियमला फोन करून बरं वाटतंय म्हणून कळवलंसुद्धा. जेवणानंतर उलटी झाली, मग श्वास अडखळू लागला, आणि २६ सप्टेंबरला दुपारी तीनच्या सुमारास ते गेले. चावल्याला जेमतेम एक दिवस झाला होता.

झालं काय होतं? बूमस्लँगचं विष रक्त गोठवणारी द्रव्यं हळूहळू संपवून टाकतं. नंतर जिथून वाट मिळेल तिथून आत रक्त झिरपत राहतं. शवविच्छेदनात मेंदू, फुप्फुसं, हृदय, सगळीकडे रक्तस्राव सापडला. सकाळी वाटलेला आराम म्हणजे सुधारणा नव्हतीच. त्यांचे सहकारी क्लिफर्ड पोप यांनी १९५८ मध्ये त्या टिपणांसह सगळी हकिगत छापली, म्हणून आज आपल्याला हे तपशीलवार माहीत आहे.

तुम्ही म्हणाल, एक अपघात. पण पुढे १९७५ येतं. जर्मनीत फ्रँकफर्टच्या सेंकेनबर्ग संग्रहालयाचे माजी संचालक रॉबर्ट मेर्टेन्स, वय ऐंशी. सरपटणाऱ्या प्राण्यांवर आयुष्य वाहिलेला माणूस. घरी पाळलेला आफ्रिकन ट्विग स्नेक, म्हणजे काटकीसारखा दिसणारा साप, त्यांना चावला. हाही मागच्या दातांचाच. अठरा दिवस झुंजून मेर्टेन्स गेले. आणि जपानमधला यामाकागाशी नावाचा पाणथळ जागेतला साप तर १९७० च्या दशकापर्यंत लोक बिनविषारीच समजत होते.

एवढी मोठी माणसं फसली कशी? माझ्या मते कारण साधं आहे. हे साप बुजरे, माणसाला क्वचित चावतात. चावले तरी मागचे दात नीट रुतत नाहीत, त्यामुळे बरेचदा विष आत जातच नाही. असे दहा चावे निभावले की माणूस म्हणतो, विष सौम्य आहे. चावे कमी होते, विष कमी नव्हतं. बूमस्लँगचं विष थेंबाला थेंब मोजलं तर फार जहाल आहे.

इथे महाराष्ट्रात हा प्रश्नच येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं नाग, घोणस घरी पाळणं हा गुन्हा आहे. अमेरिकेत मात्र राज्यागणिक नियम वेगळे. फ्लोरिडात परवान्यासाठी आधी हजार तासांचा अनुभव दाखवावा लागतो. तुमच्या नॉर्थ कॅरोलायनात विषारी सापाची पेटी निसटता न येणारी आणि कुलूपबंद हवी, आणि पेटीजवळ एक लेखी कागद दिसेल असा ठेवावा लागतो. साप चावला तर काय करायचं, ते त्यावर हवं. त्यात एक ओळ असते: योग्य प्रतिविषाचं नाव, आणि ते कुठे मिळेल.

ताई, माझं उत्तर त्या ओळीत आहे. तिथल्या जंगलातला कॉपरहेड पुरता विषारी, पण अमेरिकन पिट व्हायपर सापांवरचं प्रतिविष तिथल्या इस्पितळांत असतं. बूमस्लँगचं प्रतिविष फक्त दक्षिण आफ्रिकेत बनतं. आणि ट्विग स्नेकवर तर आजही प्रतिविष नाही. म्हणजे ज्याला तुमचा मुलगा "निम" म्हणतोय, त्यातल्या काहींवर औषधच हाताशी नाही.

कॉपरहेड घे, असं मी त्याला सांगत नाहीये. उलट, कुठलाच घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. पण एकोणीस वर्षांच्या पोराला नुसतं "नको" म्हटलं तर तो ऐकणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून त्याला म्हणा, साप नंतर बघू, आधी तो कागद आण आणि ती एक ओळ माझ्यासमोर भर. इस्पितळाला स्वतः फोन करून विचार. ओळ कोरी राहिली, तर आपण साप आणायचा नाही.

काय झालं ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.