नोंदवहीतला ‘पडीक’ माळ आणि आकाशातली शिरगणती

१/ इंदापूर म्हटले की मालोजीराजांची गढी आठवते. या तालुक्याला मोजणीचाही मोठा वारसा आहे. येथे आधी जमीन मोजली गेली. आज त्याच माळावर शरद ऋतूत उतरणारे शिकारी पक्षी मोजावे लागतात. या दोन मोजण्यांचे नाते हा आजच्या धाग्याचा विषय.

२/ १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि कंपनी सरकारला दख्खनचा सारा ठरवायचा होता. रॉबर्ट कीथ प्रिंगलने शेताच्या उत्पन्नातून खर्च वजा करून उरलेल्याचे ५५ टक्के सरकारचे, असे गणित मांडले. गणित नेटके होते, पण मोजणी सदोष होती. सारा पेलेना म्हणून कुणब्यांनी जमिनी टाकल्या, कित्येकांनी गावेही सोडली.

३/ ही घडी सुधारण्यासाठी गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी १८३५ मध्ये इंदापुरातूनच नवा आरंभ केला. मातीचा पोत आणि खोली पाहून प्रतवारी लावली, सारा ३० वर्षांसाठी कायम केला. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली.

४/ मात्र या पद्धतीचा जमिनीला एकच प्रश्न होता : सारा किती देशील? ज्या मुरमाड माळाकडे उत्तर नव्हते, तो दप्तरात ‘पडीक’ किंवा ‘पोटखराबा’ ठरला. धनगरांची मेंढरे, चिंकारा, लांडगे यांच्यासाठी त्या रकान्यांत जागा नव्हती.

५/ त्याच काळात कर्नल विल्यम साइक्स मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती जमवत होता. १८३२ मध्ये त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत एका फिकट भोवत्याला त्याने ‘पॅलिडस’ म्हटले. शास्त्रीय नाव म्हणून ग्मेलिनचे जुने नाव टिकले. पण इंग्रजीत हा पक्षी आजही ‘पॅलिड हॅरियर’च आहे. साइक्सने पक्ष्यांना नावे दिली. ते किती होते, हे मात्र आपल्याला त्या यादीतून कळत नाही.

६/ भोवत्ये मध्य आशियाच्या गवताळ पठारांवर वीण करतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपासून आपल्याकडे येतात. नाकतोडे, टोळ, उंदीर हे त्यांचे खाद्य. दिवसभर ते विखुरलेले असतात. रात्री मात्र उंच गवतात, जमिनीवरच, थव्याने मुक्काम करतात. म्हणून गणना सायंकाळी होते : निरीक्षक मुक्कामाच्या चहूबाजूंनी दूर बसतात, उतरणारा प्रत्येक पक्षी वेळेसह टिपतात आणि एकच पक्षी दोनदा मोजला गेला नाही ना, हे नंतर नोंदी जुळवून पाहतात.

७/ अशा नोंदींचे मोल काय? अमेरिकेतील हॉक माउंटन येथे १९३४ पासून शरदातले शिकारी पक्षी मोजले जातात. गरुडांची पिल्ले घटत असल्याचे त्या आकड्यांतून दिसले आणि रेचल कार्सनने १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये डीडीटीविरुद्ध तो पुरावा वापरला. १९७२ मध्ये तेथे डीडीटीवर बंदी आली. वर्षानुवर्षे नेमाने केलेली गणना अशी ऐतिहासिक साधन ठरली.

८/ आपल्याकडे नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापुरात ऊस आणला. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनीने भीमाकाठची गावे बुडवली. त्याच पाण्यावर आज मासेमार ऑस्प्रे हिवाळा काढतो. पाण्याकाठच्या पक्ष्यांना नवे घर मिळाले, माळावरच्यांचे आक्रसत गेले. बारामती तालुक्यात सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले, पण त्याचे क्षेत्र जेमतेम ५ चौरस किलोमीटर आहे.

९/ ‘पडीक’ हा शब्द आजही निर्णय घडवतो. रिकामी जागा समजून माळावर झाडे लावली जातात, नांगर फिरतो, प्रकल्प उभे राहतात. गवत गेले की भोवत्यांचा मुक्काम मोडतो, आणि आधीचा आकडा नसेल तर काय गमावले हेही सिद्ध करता येत नाही.

१०/ तेव्हा नोव्हेंबरात कडबनवाडी किंवा शिर्सुफळच्या माळाकडे गेलात, तर गवतात न शिरता दूरच बसा. तारीख, वेळ, ठिकाण, संख्या लिहा. एकही पक्षी उतरला नाही, तर शून्य लिहा. प्रिंगलच्या चुका आपण आज तपासू शकतो, कारण त्याचे आकडे कागदावर उरले. माळाच्या बाजूनेही कोणी तरी आकडे लिहून ठेवायला हवेत.