मेमरी-डिस्क आणि विंडोज एक्सपीची स्थापना

विंडोज एक्सपी २००१ साली बाजारात आली तेव्हा तिच्या स्थापनेचा रूढ मार्ग सीडीचा होता. सीडी-ड्राइव्ह नसलेल्या यंत्रांसाठी निराळी युक्ती योजण्यात येई: सीडीची संपूर्ण प्रतिमा मेमरीत उतरवावयाची व यंत्रास ती खरी डिस्क भासवावयाची. एच. पीटर अँविन यांच्या सिसलिनक्समधील ‘मेमडिस्क’ हे अशा साधनांपैकी प्रसिद्ध होय. डिस्क वाचण्याच्या बायॉस-सेवेवर ते आपला ताबा बसवी. साहजिकच बायॉसवर विसंबणाऱ्या डॉसचे काम निर्वेध चाले.

एक्सपीचे तसे नव्हते. आरंभीच्या फाइली बायॉसमार्फतच वाचल्या जात, म्हणून प्रारंभ सुरळीत दिसे. परंतु कर्नलने कार्यभार हाती घेताच बायॉसचा मार्ग बंद होई. प्रतिमा मेमरीत जागच्या जागी असे. कर्नलला मात्र तिचा पत्ता नसे. मग कधी सीडी सापडत नसल्याची तक्रार, तर कधी निळ्या पडद्यावर ‘७बी’ ही चूक! दोष हार्डडिस्कच्या माथी मारण्याचा मोह येथे होतो. तो टाळावयास हवा. खंड होता तो दोन सत्तांमधील हस्तांतरात.

फिराडिस्क व विनव्हीब्लॉक या ड्रायव्हरांनी नेमका तोच सांधला. एफ६ कळीच्या टप्प्यावर, बहुधा आभासी फ्लॉपीतून, ते कर्नलबरोबर चढत आणि मेमरीतील प्रतिमा हुडकून ती पुन्हा डिस्क म्हणून उभी करीत. ड्रायव्हर त्याआधी चढला नाही, तर पुढचे सारे व्यर्थ.

२००६ च्या अखेरीस आलेल्या व्हिस्टाचा स्थापना-कार्यक्रम स्वतःच मेमरी-डिस्कवरून चालू लागला. तिचा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टने त्यातच अंतर्भूत केला होता.