निंबोळ्यांचे गाठोडे



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहा, असे अध्यक्षीणबाईंनी सांगितले तेव्हा मला संकोच वाटला. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंतचे. पण परसातल्या भाजीवरील किडीशी मी वीस वर्षांहून अधिक काळ झगडत आहे, आणि त्या झगड्यालाही इतिहास आहे. तोच आज सांगते.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई आषाढात निंबोळ्या वेचून वाळवीत. धान्यात कडुनिंबाचा पाला घालीत. घेवड्यावर मावा पडला की सकाळच्या दवावर चुलीची राख भुरभुरीत. मला ते सारे जुनाट वाटे. एकदा मी त्यांचे निंबोळ्यांचे गाठोडे उकिरड्यावर टाकले आणि दुकानातून पांढरी पावडर आणली. दोन दिवसांत कीड गेली. तिसऱ्या दिवशी वाफ्यात टिपणाऱ्या दोन कोंबड्या मरून पडल्या. माझी तीन वर्षांची मुलगी त्याच वाफ्यातली कोवळी भेंडी तोडून तशीच खात असे. ती रात्र मी तिच्या उशाशी बसून काढली. देवाच्या कृपेने तिला काही झाले नाही. सासूबाई एका शब्दानेही बोलल्या नाहीत, तेच मला अधिक लागले.

तीच मुलगी पुढे शेतकी शिकली. पुढची हकीकत तिच्याकडून कळली.

1939 साली स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांना डी.डी.टी. किडे मारते असे आढळले. 1948 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे 1953 साली हिवतापाविरुद्ध सरकारी मोहीम निघाली, घरोघर फवारे झाले आणि असंख्य जीव वाचले. ते उपकार विसरू नयेत. पण तीच पावडर शेतात आणि भाजीवरही पडू लागली. 1962 साली अमेरिकेत रेचेल कार्सन या बाईंनी पुस्तक लिहून सांगितले की, हे विष किड्यापाशी थांबत नाही, ते पाखरांतही उतरते. आपल्या देशात शेतीसाठी डी.डी.टी.ला 1989 साली बंदी झाली.

योगायोग असा की, त्याच 1962 साली दिल्लीच्या शेतकी संशोधन संस्थेत निंबोळीचे पाणी पिकांवर फवारले गेले. टोळधाड आली, टोळ पिकांवर बसले, पण त्यांनी पाने खाल्ली नाहीत!

पुढे निंबोळीच्या तेलाने झाडांवरील बुरशी आवरण्याच्या एका रीतीचे पेटंट 1994 साली युरोपात एका अमेरिकन कंपनीला व तिथल्या सरकारी शेतकी खात्याला मिळाले. त्याविरुद्ध तक्रार झाली. 1985 व 1986 सालच्या उन्हाळ्यात पुणे व सांगली भागांत शेतकऱ्यांसमोर असे प्रयोग झाले होते, हा पुरावा पुढे आला. 2000 साली पेटंट रद्द झाले. 2005 साली अपीलही फेटाळले गेले.

हे ऐकताना मला उकिरड्यावरचे ते गाठोडे आठवले. परक्यांनी ज्याच्यावर हक्क सांगितला, ते मी हाताने फेकून दिले होते!

आता मी पन्नास ग्रॅम वाळल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवते, सकाळी फडक्याने गाळते, पाणी एक लिटर करते, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवते आणि त्याच दिवशी उन्हे कलल्यावर पानांच्या खालूनवरून शिंपडते. कडक उन्हात त्याचा गुण जातो. वांग्याचा सुकलेला शेंडा दिसला की अळीसकट खुडून नष्ट करते. कीड समूळ जात नाही. चार वांगी किडकी निघतातच. तेवढा भाग कापून टाकते.

सासूबाई आज नाहीत. त्यांची क्षमा मागायची राहिली. म्हणून मैत्रिणींनो, एवढेच मागणे : घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना त्यांच्या रीती विचारून घ्या, त्या आहेत तोवर.

चूकभूल द्यावी घ्यावी.