सार्वजनिक संभाषणातील खाजगीपणा

सार्वजनिक संभाषणातील खाजगीपणा : चारचौघांत चाललेले बोलणे इतरांच्या कानी पडले, तरी ते टिपले वा पसरवले जाणार नाही, ही बोलणाऱ्याची वाजवी अपेक्षा. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने कॅट्झ खटल्यात (१९६७) सार्वजनिक टेलिफोन बूथमधील बोलण्याला संरक्षण दिले. भारतात पुट्टस्वामी निकालाने (२४ ऑगस्ट २०१७) खाजगीपणा अनुच्छेद २१ खाली मूलभूत हक्क ठरला. केवळ सार्वजनिक जागी आल्याने तो संपत नाही (पहा : मूलभूत हक्क).

बारामती-इंदापूर पट्ट्यात उसाची पहिली उचल, सोयरीक, दवाखान्याचा खर्च यांवरचे बोलणे एसटी स्थानकाच्या बाकावर, टपरीवर किंवा माळेगाव, भवानीनगर येथील साखर कारखान्यांच्या आवारात होते (पहा : सहकारी साखर कारखाने). शेजारी ऐकतो हे बोलणाऱ्याला ठाऊक असते. ओळखीचा दिसला की आवाज उतरतो, नाव गाळून ‘त्यांचं’ म्हटले जाते. कान गृहीत असतात, ध्वनिमुद्रण नव्हे. गुप्त बोलायचे तर घरी बोलावे, हा आक्षेप माणसांनी भरलेल्या दोन खोल्यांच्या घरात टिकत नाही. तेथे नीरा डाव्या कालव्याचा भराव अधिक खाजगी ठरतो. मलकाणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिमुद्रित संभाषण पुरावा म्हणून स्वीकारले (१९७२), हा दाखला अधिक वजनदार. परंतु तेथे बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती होती आणि मुद्दा लाचेच्या पुराव्याचा होता. बाकावरच्या तिऱ्हाइताला त्यातून मुभा मिळत नाही (पहा : पुरावा, दूरध्वनी टेहळणी).