तीनशे नऊ आणि वीस : विजय हजारे यांच्या आकड्यांचा अर्थ

क्रिकेटच्या धावपुस्तकात विजय सॅम्युएल हजारे यांच्या नावापुढे पुष्कळ आकडे आहेत. त्यांपैकी दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. पहिला ३०९ आणि दुसरा २०. पहिला डिसेंबर १९४३ मध्ये मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर नोंदला गेला. दुसरा फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासच्या चेपॉक मैदानावर. ज्या सामन्यात हजारे यांनी ३०९ धावा काढल्या, तो सामना त्यांचा संघ एका डावाने हरला. ज्या सामन्यात त्यांच्या अवघ्या २० धावा झाल्या, त्या सामन्यात भारताने कसोटी क्रिकेटमधील आपला पहिला विजय मिळविला, आणि त्या संघाचे कर्णधार हजारेच होते. आकडे खोटे बोलत नाहीत हे खरे. परंतु ते आपण होऊन सारे काही सांगतही नाहीत. त्यांना प्रश्न विचारावे लागतात.

प्रथम एकूण हिशेब पाहू. हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शाळामास्तर होते आणि घरात आठ मुले होती. १९३४ पासून १९६७ पर्यंत ते पहिल्या दर्जाचे क्रिकेट खेळले. या काळात २३८ सामन्यांत त्यांनी १८,७४० धावा काढल्या. त्यांत ६० शतके आहेत आणि सरासरी ५८.३८ आहे. गोलंदाज म्हणून त्यांनी ५९५ बळी घेतले आणि क्षेत्ररक्षक म्हणून १६६ झेल टिपले. कसोटी सामने ते ३० खेळले. त्यांत ५२ डावांत ६ वेळा नाबाद राहून २,१९२ धावा, ७ शतके, २० बळी आणि ११ झेल, असा त्यांचा हिशेब आहे. सरासरी काढताना नाबाद डाव भाजकातून वगळतात. म्हणून २,१९२ ला ५२ ने नव्हे, तर ४६ ने भागावयाचे. उत्तर येते ४७.६५. हे गणित शाळेतल्या मुलासही जमेल. मात्र त्या ४६ डावांपूर्वी काय घडले होते, हे भागाकारात कोठेच दिसत नाही.

भारताचा १९३६ च्या ऑगस्टनंतरचा कसोटी सामना एकदम जून १९४६ मध्ये झाला. मध्ये दहा वर्षे कोरडी गेली आणि त्यांतली सहा महायुद्धाची होती. फलंदाजाची नजर, पाय आणि मनगट ज्या वयात उत्तम साथ देतात, ते चोविसापासून तिसापर्यंतचे हजारे यांचे वय त्या दशकात सरले. १९३९-४० च्या हंगामात पुण्यास महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकातील ते पहिलेच त्रिशतक होय. तथापि लॉर्ड्सच्या मैदानावर ते पहिल्या कसोटीसाठी उतरले तेव्हा एकतीस वर्षांचे होते. ४७.६५ ही सरासरी एकतिसाव्या वर्षी पायरी चढलेल्या माणसाची आहे, हे ध्यानात ठेवूनच ती वाचली पाहिजे.

आता त्या ३०९ धावांकडे वळू. मुंबईत त्या काळी संघ प्रांतांवरून नव्हे, तर धर्मांवरून उभे राहत. पारशी आणि युरोपियन यांच्या सामन्यांची परंपरा १८९२ पासूनची. १९०७ मध्ये हिंदू आल्यावर सामने तिरंगी झाले, १९१२ मध्ये मुसलमान आल्यावर चौरंगी, आणि १९३७ मध्ये पाचवा संघ येऊन पंचरंगी झाले. या पाचव्या संघाला स्वतःचे असे नावच नव्हते. त्यास ‘रेस्ट’ म्हणत. म्हणजे उरलेले, इतर. चारांपैकी कोणत्याच पंक्तीत ज्यांचे पान नाही असे ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन आणि बौद्ध खेळाडू या संघातून खेळत. धर्मवार विभागलेले हे सामने थांबवावेत असे मत महात्मा गांधींनी १९४० मध्ये मांडले होते. तरी ते चालूच राहिले आणि गर्दीही ओसरली नाही.

१९४३ च्या अंतिम सामन्यात या इतरांची गाठ बलाढ्य हिंदू संघाशी पडली. हिंदूंनी ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला, त्यांत विजय मर्चंट नाबाद २५० होते. उत्तरादाखल इतरांचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. फॉलोऑन मिळाला आणि दुसऱ्या डावातही निम्मा संघ लवकर तंबूत परतला. सहाव्या जोडीला विजय हजारे यांच्यासमवेत त्यांचे बंधू विवेक उभे राहिले. या दोघा भावांनी ३०० धावांची भागी केली. संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय यांच्या. म्हणजे शंभरातल्या जवळजवळ ऐंशी. उरलेले दहा फलंदाज आणि अवांतर धावा मिळून ७८ झाल्या. हिंदू संघ एक डाव ६१ धावांनी जिंकला. पराजितांच्या बाजूने केलेली ही खेळी जिंकणाऱ्यांच्या खेळीहून अधिक काळ लोकांच्या स्मरणात राहिली.

परंतु त्या धावफलकावरील आणखी एक आकडा निरखून पाहावा. विवेक हजारे, धावा २१. तीनशेच्या भागीत त्यांचा वाटा अगदी किरकोळ दिसतो. एरवी अशा आकड्यावरून डोळा सहज पुढे सरकतो. पण हे एकवीस नसते तर ते तीनशे नऊही नसते. एक भाऊ धावा करीत असता दुसऱ्याने केवळ बाद न होण्याचे काम पत्करले. या कामासाठी धावपुस्तकात वेगळा रकाना नाही. त्याचे मोल शेजारच्या माणसाच्या आकड्यात जमा होते.

धर्मवार क्रिकेटचे दिवस भरल्यानंतर हजारे यांच्या आयुष्यातील दुसरी मोठी घटना घडली. ती समजण्यास नकाशावर एक रेघ ओढून पाहावी. मुंबईहून उत्तरेस निघालेला लोहमार्ग वापीवरून बडोद्यास जातो. दमणगंगेच्या काठचे सिल्वासा या वापीपासून जवळच आहे. त्या काळी सिल्वाशावर पोर्तुगिजांचा अंमल होता. २ ऑगस्ट १९५४ रोजी ते मुक्त झाले. मराठी, गुजराती, वारली, कोकणी अशा अनेक बोली या सीमेवरच्या मुलखात एका बाजारात कानी पडतात. माणसाला एकाच रकान्यात बसविणे किती अवघड असते, हे अशा गावाला कोणी शिकवावे लागत नाही. या लोहमार्गाच्या एका टोकाला, मुंबईत, हजारे ‘इतर’ म्हणून खेळत. दुसऱ्या टोकाला, बडोद्यात, ते बडोद्याचे म्हणून खेळत. रणजी करंडकात संघ प्रांतांचे आणि संस्थानांचे असत. तेथे खेळाडूचा धर्म विचारला जात नसे.

मार्च १९४७ मध्ये रणजी करंडकाचा अंतिम सामना बडोद्यास झाला. प्रतिस्पर्धी होळकर संघ २०२ धावांत बाद झाला होता. बडोद्याचे तीन गडी ९१ धावांवर बाद झाले असता चौथ्या जोडीला हजारे आणि गुल महंमद एकत्र आले. ते विलग झाले तेव्हा भागी ५७७ धावांची झाली होती. गुल महंमद यांच्या ३१९ आणि हजारे यांच्या २८८. बडोद्याचा संघ ७८४ पर्यंत पोहोचला आणि एक डाव ४०९ धावांनी जिंकला. कोणत्याही गड्यासाठी पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये झालेली ही सर्वांत मोठी भागी ५९ वर्षे टिकली. २००६ मध्ये श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावांची भागी करून ती मागे टाकली.

या आकड्याला तारीख जोडली की त्याचे वजन वाढते. त्याच मार्च महिन्यात पंजाबात दंगलींचा आगडोंब उसळला होता आणि पाच महिन्यांनी देशाची फाळणी व्हावयाची होती. अशा वेळी सांगलीचा एक ख्रिस्ती आणि लाहोरचा एक मुसलमान बडोद्याच्या खेळपट्टीवर एकमेकांच्या हाकेवर विश्वास टाकून धावत होते. दुसरी धाव घ्यावी की न घ्यावी, हा निर्णय समोरच्याच्या शब्दावर अवलंबून असतो. गुल महंमद पुढे भारताकडून ८ कसोट्या खेळले आणि १९५६ मध्ये एक कसोटी पाकिस्तानकडून. भागी मात्र दोघांचीच राहिली.

जानेवारी १९४८ मध्ये अॅडलेड येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध हजारे यांनी ११६ आणि १४५ धावा केल्या. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतके काढणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या डावात त्यांच्या संघातील सहा फलंदाज शून्यावर बाद झाले, आणि लिंडवॉलने ३८ धावांत ७ बळी घेतले. हा सामनाही भारत एका डावाने हरला. पुढच्याच वर्षी मुंबईत वेस्ट इंडीजविरुद्ध ३६१ धावांचे लक्ष्य असता हजारे यांनी १२२ काढल्या. खेळ संपला तेव्हा भारताच्या ८ बाद ३५५ झाल्या होत्या. विजय सहा धावांनी हुकला. शतके होतात आणि विजय होत नाही, असा हा क्रम होता.

गोलंदाजीचा रकाना तर आणखी फसवा आहे. कसोटीत २० बळी आणि प्रत्येक बळीस ६१ धावा, हे पाहून कोणीही म्हणेल की हा कामचलाऊ गोलंदाज. परंतु या विसांत डॉन ब्रॅडमन यांचे नाव दोनदा आहे. सिडनीत १३ धावांवर आणि अॅडलेडला २०१ धावांवर, दोन्ही वेळा हजारे यांनी त्यांचा त्रिफळा उडविला. सरासरीच्या भागाकारात ब्रॅडमनचा बळी आणि अकराव्या फलंदाजाचा बळी यांची किंमत सारखीच धरली जाते.

क्षेत्ररक्षणाबाबत क्रिकेटचे पुस्तक याहूनही अबोल आहे. येथे अमेरिकेतील बेसबॉलचे उदाहरण उद्बोधक ठरेल. बेसबॉलचा धावफलक लोकप्रिय करणारा हेन्री चॅडविक हा वार्ताहर मूळचा इंग्लंडचा. १८२४ मध्ये एक्झिटर येथे जन्मलेल्या या माणसाने क्रिकेटच्या धावपत्रकाची घडी बेसबॉलला बसविली. पण बेसबॉलवाले एक पाऊल पुढे गेले. क्षेत्ररक्षकाने गडी बाद करण्यास किती वेळा हातभार लावला आणि किती वेळा चूक केली, याचीही ते खेळाडूवार नोंद ठेवतात. क्रिकेटच्या धावपत्रकात घेतलेला झेल येतो, सुटलेला झेल येत नाही. आणि अडविलेल्या चौकाराला तर जागाच नाही. म्हणून हजारे यांचे ३० कसोट्यांतील ११ झेल हा त्यांच्या क्षेत्ररक्षणाचा केवळ एक तुकडा होय. १६६ झेलांमागे उन्हात काढलेली तेहतीस वर्षे आहेत, ती कोणत्या रकान्यात लिहावयाची?

शेवटी मद्रास. १९५१-५२ मध्ये इंग्लंडचा संघ आला तेव्हा कर्णधारपद हजारे यांच्याकडे आले. पहिल्या दोन कसोट्यांत त्यांनी दिल्लीस नाबाद १६४ आणि मुंबईस १५५ धावा केल्या; दोन्ही सामने अनिर्णित राहिले. कानपूरला भारत हरला. पाचवी आणि अखेरची कसोटी ६ फेब्रुवारी १९५२ रोजी मद्रासला सुरू झाली. विनू मंकड यांनी पहिल्या डावात ५५ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात ५३ धावांत ४ बळी घेतले. पंकज रॉय यांनी १११ आणि पॉली उम्रीगर यांनी नाबाद १३० धावा काढल्या. कर्णधाराच्या धावा २०. १० फेब्रुवारीस भारताने एक डाव ८ धावांनी सामना जिंकला. १९३२ पासून चाललेल्या कसोटी प्रवासात, पंचविसाव्या सामन्यात मिळालेला हा पहिला विजय.

त्या संघाची नावे वाचावीत. मंकड, रॉय, उम्रीगर, मुश्ताक अली, अमरनाथ, फडकर, गोपीनाथ. नऊ वर्षांपूर्वीच्या पंचरंगी पद्धतीने वाटणी केली असती तर हे खेळाडू वेगवेगळ्या तंबूंत बसले असते आणि त्यांचा कर्णधार ‘इतरां’त गेला असता. १९४६ मध्ये पंचरंगी सामने बंद पडले होते. कालपर्यंत ज्याला नाव नसलेल्या संघात उभे राहावे लागे, त्याच्याच मागून सारा देश मैदानात उतरला.

हजारे १४ कसोट्यांत कर्णधार होते. त्यांपैकी भारताने एक जिंकली, ५ हरल्या आणि ८ अनिर्णित राहिल्या. विक्रमांच्या दृष्टीने हा हिशेब साधारणच. कर्णधारपदाच्या ओझ्याने त्यांच्या फलंदाजीचे नुकसान झाले असे विजय मर्चंट यांचे मत होते. १९५३ मध्ये त्यांची शेवटची कसोटी झाली, १९६० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यास त्यांचे निधन झाले. देशांतर्गत एकदिवसीय सामन्यांचा राष्ट्रीय करंडक त्यांच्या नावाने खेळला जातो. त्यात नवनवी मुले मोठमोठ्या धावसंख्या उभारतात आणि वृत्तपत्रे त्या ठळक अक्षरांत छापतात. त्या छापलेल्या धावफलकाच्या खालच्या ओळींत एखाद्याचे एकवीस, एखाद्याचे वीसही असतात. तेही वाचावयास हवेत.