रक्तातील लॅक्टेट आणि मुठीत मावणारे यंत्र : आकडा कसा घ्यावा, कसा वाचावा?

दाना ओली (ग्वाल्हेर) : दौलतराव शिंदे यांच्या छावणीतून वाढलेल्या लष्कर भागात दाना ओली आहे. याच ग्वाल्हेरात १८५७ च्या उठावाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १७ ऑगस्ट १९५७ रोजी, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू झाले. आज ते लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था म्हणून ओळखले जाते. १९९५ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. इथे शिकलेले क्रीडाशिक्षक देशभर काम करतात. व्यायामाच्या वेळी शरीरात काय घडते, हा अशा संस्थांमधला रोजचा अभ्यासविषय. त्यातलेच एक मोजमाप म्हणजे रक्तातील लॅक्टेट. पूर्वी त्यासाठी प्रयोगशाळा लागायची, आता मैदानावरच बोटाच्या थेंबात काम होते. पण आकडा पटकन मिळतो म्हणून तो बरोबर असतोच असे नाही.

लॅक्टेट म्हणजे काय?

स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ शेले याने १७८० मध्ये आंबलेल्या दुधात लॅक्टिक आम्ल शोधले. शरीरात साखर वेगाने वापरली जाते तेव्हा लॅक्टेट तयार होते. विश्रांतीतही ते थोडे असतेच. निरोगी माणसात साधारण ०.५ ते २ मिलीमोल प्रति लिटर. ४०० मीटर जीव तोडून धावल्यावर ते १५ च्या वरही जाऊ शकते.

‘पायात लॅक्टिक अ‍ॅसिड साचलं, म्हणून दुसऱ्या दिवशी दुखतंय’ हे मैदानावर नेहमी ऐकू येते. ते खरे नाही. व्यायाम थांबल्यावर वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात मूळ पातळीजवळ येते. दुसऱ्या दिवशीचे दुखणे स्नायूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे असते. उलट हृदय आणि इतर स्नायू लॅक्टेट इंधन म्हणून वापरतात. जॉर्ज ब्रूक्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात ही कल्पना मांडली.

यंत्र कसे चालते?

घरच्या ग्लुकोमीटरसारखेच. पट्टीवर लॅक्टेट ऑक्सिडेज हे विकर असते. रक्तातील लॅक्टेटशी त्याची क्रिया होऊन बारीक विद्युतप्रवाह तयार होतो, आणि यंत्र त्याचा आकडा करून दाखवते. लॅक्टेट प्रो २ या जपानी यंत्राला ०.३ मायक्रोलिटर रक्त आणि १५ सेकंद पुरतात. त्याच्या आधीच्या आवृत्तीला ५ मायक्रोलिटर आणि एक मिनिट लागायचे. लॅक्टेट स्काउट आणि लॅक्टेट प्लस ही यंत्रेही वापरात आहेत.

खेळात उपयोग

खेळाडू ३ ते ५ मिनिटांच्या टप्प्यांत धावतो, दर टप्प्याला वेग वाढतो आणि प्रत्येक टप्प्यानंतर थेंबभर रक्त घेतले जाते. सुरुवातीला आकडा फारसा हलत नाही. एका वेगानंतर तो झपाट्याने चढतो. हा उंबरठा कळला की सराव किती जोरात घ्यायचा ते ठरवता येते. १९७६ मध्ये जर्मनीतील माडर आणि सहकाऱ्यांनी यासाठी ४ मिलीमोल ही रेषा सुचवली. मात्र सगळ्यांचा उंबरठा ४ वरच नसतो. कुणाचा ३ च्या खाली, कुणाचा ५ च्या वर. सरसकट ४ धरून सराव दिला तर एखादे पोर उगाच दमते आणि दुसरे कमी मेहनत करते.

नॉर्वेचे धावपटू सरावाच्या मधेच रक्त तपासून वेग आवरतात. टोकियो ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटर आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५००० मीटर जिंकणारा याकोब इंगेब्रिग्टसेन याच पद्धतीत तयार झाला. म्हणजे यंत्र जास्त पळवण्यासाठीच असते असे नाही, थांबवण्यासाठीही असते.

दवाखान्यात उपयोग

गंभीर जंतुसंसर्गात लॅक्टेट वाढणे ही धोक्याची खूण. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार, पुरेसे सलाईन देऊनही रक्तदाब टिकवायला औषध लागत असेल आणि लॅक्टेट २ पेक्षा जास्त असेल, तर तो सेप्टिक शॉक. मात्र यकृताचा विकार, झटके आणि काही औषधे यांमुळेही लॅक्टेट वाढते. त्यामुळे निदान डॉक्टरांनीच करायचे.

प्रसूतीच्या वेळी बाळाच्या डोक्याच्या त्वचेतून थेंब घेऊनही ही तपासणी होते. स्वीडनमध्ये सुमारे ३,००० प्रसूतींच्या अभ्यासात (२००८) आम्लता मोजण्यापेक्षा लॅक्टेट मोजताना तपासणी फसण्याचे प्रमाण बरेच कमी निघाले, कारण रक्त कमी लागते. तिथे वापरलेली ४.८ ही मर्यादा लॅक्टेट प्रो यंत्रासाठी होती. यंत्र बदलले की ही मर्यादा जशीच्या तशी लागू होत नाही.

आकडा कुठे चुकतो?

- घाम : घामात भरपूर लॅक्टेट असते. बोट न पुसता थेंब घेतला तर आकडा फुगतो. बोट धुवून कोरडे करावे, पहिला थेंब पुसून दुसरा घ्यावा.
- जागा : बोट आणि कानाची पाळी यांचे आकडे थोडे वेगळे येतात. एकच जागा कायम ठेवावी.
- वेळ : जोरदार धावण्यानंतर सर्वोच्च पातळी काही मिनिटांनी येते. एकच थेंब घेतला तर ती हुकते.
- ऊन : ग्वाल्हेर असो की विदर्भ, मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. गाडीत राहिलेल्या पट्ट्यांवर भरवसा ठेवू नये.
- नमुना : काही यंत्रे संपूर्ण रक्तातले, तर काही प्लाझ्मातले लॅक्टेट दाखवतात. प्लाझ्माचा आकडा जास्त असतो.
- एकक : काही रिपोर्टमध्ये मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर लिहिलेले असते. १ मिलीमोल म्हणजे सुमारे ९ मिलीग्रॅम. १८ वाचून घाबरू नये. ते २ मिलीमोलच आहे.

सुरक्षा आणि संमती

प्रत्येकाला नवी सुई आणि तपासणाऱ्याच्या हातात हातमोजे हवेतच. एकच टोचणी अनेकांना वापरली तर कावीळ ब पसरू शकते. संशोधनासाठी रक्त घ्यायचे तर नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अल्पवयीन खेळाडूच्या पालकांची संमती हवी, आणि ७ वर्षांपुढील मुलाचा स्वतःचा होकारही.

थोडक्यात

शितावरून भाताची परीक्षा होते, पण एका थेंबावरून खेळाडूची होत नाही. तेच यंत्र, तीच जागा, तोच सराव ठेवून महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा मोजावे. त्याच वेगाला आकडा कमी आला तर तयारी वाढली असे बहुधा म्हणता येते. मात्र नीट जेवण झालेले नसेल किंवा आदल्या दिवशी खूप दमणूक झाली असेल, तरीही आकडा कमी येतो. म्हणून वहीत आकड्याशेजारी तारीख, वेळ, तापमान, जेवण आणि यंत्राचे नाव लिहून ठेवावे.